रिस्टोअर केलेली मसल कार: अस्सल आहे का, आणि किमतीला किती? १९६९ च्या कॅमेरो झेड/२८ वरून एक तपासणी

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची रीघ लागते. १९९५ पासून भरणारा हा ड्रीम क्रूझ म्हणजे आम्हा मिशिगनच्या मराठी मंडळींची जत्राच. आमच्यातले बरेचजण मोटारींच्या धंद्यातच आहेत. रस्त्याकडेला घडीच्या खुर्च्या टाकायच्या, डबे उघडायचे आणि संध्याकाळपर्यंत आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनांचा आवाज ऐकत बसायचं. त्यानंतरच्या आठवड्यात मला दोन-तीन फोन हमखास येतात: "दादा, एक कॅमेरो बघितलीय. मालक म्हणतो सगळे नंबर मॅचिंग आहेत. घेऊ का?"

नंबर मॅचिंग म्हणजे इंजिन त्याच गाडीचं, मूळचं आहे असा दावा. या प्रश्नाला फोनवर उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात इंजिनं बोअर करताना बघत वाढलो आणि शिरोलीच्या एका फाउंड्रीत उमेदवारी केली. ओतीव लोखंडावरचे आकडे वाचायची सवय तिथली. इथे ती जितकी उपयोगी पडली तितकी नोकरीतही पडली नाही.

आधी हे समजून घ्या की नक्कल इतकी सोपी का आहे

मसल कार म्हणजे मध्यम किंवा लहान अंगाची, दोन दारांची अमेरिकन गाडी आणि तिच्यात बसवलेलं दांडगं इंजिन. सुरुवात १९६४ च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओपासून धरतात. विम्याचे चढे हप्ते आणि धुराचे नियम यांमुळे १९७१ पासून कॉम्प्रेशन उतरलं आणि १९७४ पर्यंत हा जमाना जवळपास संपला. या गाड्या बहुतेक वेळा साध्या घरगुती गाडीच्याच बॉडीवर बांधलेल्या असत. फरक असे तो इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, ब्रेक आणि काही बिल्ले-पट्टे यांचा. आज यातला प्रत्येक भाग नवा बनवून मिळतो. १९६९ च्या शेवरोले कॅमेरोचा तर अख्खा सांगाडा नवा मिळतो. त्यामुळे एखाद्या आजीबाईंची साधी कॅमेरो झेड/२८ (म्हणजे कॅमेरोची शर्यतीच्या तोडीची आवृत्ती) म्हणून उभी करायला चांगला कारागीर आणि थोडा वेळ पुरतो. नक्कल करणं गुन्हा नाही. हौसेने बनवलेल्या आणि तसं सांगून विकलेल्या कितीतरी गाड्या मला मनापासून आवडतात. नक्कल अस्सलच्या भावात विकली जाते, तेव्हा माणूस बुडतो.

उदाहरणाला १९६९ ची झेड/२८ घेतोय, कारण तिथे ही अडचण सगळ्यात जास्त आहे. त्या वर्षी २०,३०२ झेड/२८ बनल्या, म्हणजे दुर्मिळ म्हणावी अशी ती नाही. पण तिचा चासी नंबर ती झेड/२८ आहे की नाही, हे सांगतच नाही.

पायरी १: घरबसल्या अभ्यास

गाडी बघायला जाण्याआधी ते मॉडेल त्या वर्षी कशासह मिळत होतं आणि कशासह मिळतच नव्हतं, हे पाठ करा. झेड/२८ चं इंजिन ३०२ घन इंचांचं. ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीत पाच लिटरची मर्यादा होती, म्हणून मुद्दाम तेवढंच ठेवलेलं. कंपनीने सांगितलेली ताकद २९० अश्वशक्ती. सोबत चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्स, पुढे पॉवर डिस्क ब्रेक, मागे बारा बोल्टांचा एक्सल आणि १५ बाय ७ इंची रिम. ऑटोमॅटिक गिअर नाही, एसी नाही, आणि १९६९ मध्ये उघड्या टपाची झेड/२८ विकायला नव्हतीच. "कारखान्यातून एसी लावून आलेली झेड/२८" असं जाहिरातीत दिसलं, तर तिथेच थांबा. एका फोनकॉलचे पैसे वाचले.

मग मालकाकडून पाच फोटो मागवा: डॅशवरची चासी नंबरची पट्टी, फायरवॉलवरची (इंजिन आणि आतली बसायची जागा यांमधला पत्रा) ट्रिम टॅग, इंजिनच्या पॅडवरचे शिक्के, ब्लॉकच्या मागच्या बाजूची ओतकामाची तारीख आणि असतील ते मूळ कागद. खरा मालक हे आनंदाने पाठवतो. "येऊन बघा की" असं तीनदा ऐकू आलं, तर मी जात नाही.

पायरी २: चासी नंबर

सतरा अक्षरांचा एकसारखा चासी नंबर अमेरिकेत १९८१ पासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती. कोणत्या गाडीत किती धोका आहे, ते या फरकावरच ठरतं.

क्रायस्लरच्या गाड्यांत पाचवं अक्षर इंजिनाचं. १९७० मध्ये आर म्हणजे हेमी हे त्यांचं गाजलेलं इंजिन, व्ही म्हणजे तीन कार्ब्युरेटरचं ४४० सिक्स पॅक. नंबरात आर नसलेली गाडी हेमी म्हणून कोणी दाखवली, तर वाद घालण्यासारखं काही उरत नाही. फोर्डचंही तसंच: १९६९ आणि १९७० च्या मस्टँगमध्ये आर म्हणजे रॅम एअरसह ४२८ कोब्रा जेट, जी म्हणजे बॉस ३०२, झेड म्हणजे बॉस ४२९.

जनरल मोटर्सच्या गाड्यांत मात्र वर्ष बघावं लागतं. जीटीओचा नंबर १९६६ ते १९७१ या काळात २४२ ने सुरू होतो. १९६४ आणि १९६५ मध्ये जीटीओ हा लेमान्स या साध्या पॉन्टिअ‍ॅकवरचा नुसता पर्याय होता, त्यामुळे नंबरावरून कळत नाही. शेवरोलेच्या शेवेल गाडीची दांडगी आवृत्ती एसएस ३९६, तिची १९६६ ते १९६८ अशी तीन वर्षं १३८ ही स्वतंत्र मालिका होती. १९६९ पासून एसएस ही पर्यायांच्या यादीतली एक ओळ झाली आणि साध्या शेवेल मालिबूवर बिल्ले लावून एसएस करायची वाट मोकळी झाली. कॅमेरोच्या नंबरात १२३ म्हणजे सहा सिलिंडर आणि १२४ म्हणजे व्ही-८, इतकंच कळतं.

म्हणजे १९६९ ची झेड/२८ ही १२४३७९एन५ किंवा १२४३७९एल५ अशीच सुरू होणार. १ म्हणजे शेवरोले, २४ मालिका, ३७ कूपे, ९ म्हणजे १९६९, एन म्हणजे ओहायोतला नॉरवुडचा कारखाना आणि एल म्हणजे लॉस एंजेलिसचा. नंबर १२३ ने सुरू झाला, तर ती झेड/२८ नाही. १२४ ने सुरू झाला, तर फक्त शक्यता शिल्लक आहे.

पट्टी स्वतःच नीट बघा. तिचे रिव्हेट पाकळ्यांच्या फुलासारखे असतात. गोल डोक्याचे पॉप रिव्हेट, आजूबाजूला खरवड, पट्टीच्या कडेला वाक दिसला तर पुढे जाऊ नका. आता फुलांचे रिव्हेटही विकत मिळतात, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका. या गाडीच्या अंगावर नंबराचे छुपे शिक्के असतात: एक हीटरच्या डब्याआड फायरवॉलवर आणि एक विंडशील्डखालच्या जाळीच्या पत्र्याखाली. मोठी रक्कम देणार असाल, तर तो पत्रा काढून बघू द्या अशी अट घालायला संकोचू नका. फसवण्याच्या हेतूने चासी नंबर बदलणं अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि अशी गाडी तुमच्या ताब्यात असताना जप्त झाली तर पैसे तुमचेच गेले.

पायरी ३: ट्रिम टॅग

फायरवॉलवरच्या या पत्र्यावर बॉडी कधी बांधली, मूळ रंग कोणता आणि आतलं कापड कोणतं, हे असतं. तारीख ०३बी म्हणजे मार्चचा दुसरा आठवडा. नॉरवुडच्या गाड्यांवर डिसेंबर १९६८ पासून एक्सने सुरू होणारा कोडही येतो. त्यात एक्स३३ आणि एक्स७७ हे झेड/२८ चे. म्हणून एक्स३३ लिहिलेल्या टॅगला बाजारात वेगळा मान आहे. त्याच कारणाने तिच्या नकलाही बनतात. लॉस एंजेलिसच्या गाड्यांवर हा कोड नसतोच, त्यामुळे तिथे एक्स३३ दिसणं हीच चूक. टॅगवरचा मूळ रंग कोणता आणि आज गाडी कोणत्या रंगात उभी आहे, हे टिपून घ्या. किमतीच्या वेळी लागेल.

पायरी ४: इंजिन. इथे घाई करायची नाही

इंजिनवर तीन गोष्टी वाचायच्या असतात, आणि त्या तीन वेगवेगळ्या दिवशी उमटलेल्या असतात.

पहिली, ओतकामाची तारीख. ही साच्यातच असते, त्यामुळे आकडे लोखंडातून वर आलेले दिसतात. ब्लॉकच्या मागच्या टोकाला, गिअरबॉक्स जिथे बसतो त्या कडेवर. महिन्याला अक्षर (ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी), मग तारीख, मग वर्षाचा शेवटचा आकडा. बी १९ ९ म्हणजे १९ फेब्रुवारी १९६९.

दुसरी, जुळणीचा शिक्का. उजव्या हेडच्या पुढे, अल्टरनेटरच्या आड, ब्लॉकचा एक सपाट भाग बाहेर आलेला असतो. त्यावर पंचाने मारलेलं व्ही०२२६डीझेड असं काही वाचायला मिळेल. व्ही म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, ०२२६ म्हणजे २६ फेब्रुवारी, आणि डीझेड म्हणजे १९६९ च्या झेड/२८ चं ३०२.

तिसरी, गाडीच्या चासी नंबराचा तुकडा: १९एन५ आणि पुढचे पाच आकडे. हा कधी त्याच पॅडवर, तर कधी ऑईल फिल्टरच्या वरच्या बाजूला असतो. गाडीच्या नंबराशी हा जुळला, तरच "मॅचिंग नंबर" हा शब्द वापरायचा अधिकार आहे. नुसता डीझेड शिक्का आणि योग्य तारीख असेल, तर ते त्या जातीचं इंजिन झालं, त्या गाडीचं नाही. जाहिरातीत "नंबर करेक्ट" असं लिहितात ते हेच. दोन्ही शब्द सारखे वाटतात, पण पैशांत मोठं अंतर आहे.

या तिन्हींचा क्रम बिघडू शकत नाही. लोखंड आधी ओतलं जातं, मग यंत्रावर कापलं जातं, मग इंजिन जुळतं, मग ते गाडीत बसतं. ओतकाम ते गाडी हे अंतर साधारण काही आठवड्यांचं. सहा महिन्यांचं अंतर दिसलं तर कारण विचारा. क्रम उलटा दिसला तर विचारायचं काही राहत नाही.

माझ्या बाबतीत तेच झालं होतं. मी बघायला गेलेली पहिली झेड/२८ गडद हिरव्या रंगाची होती, टॅग ०३बी, पॅडवर व्ही०२२६डीझेड, नंबराचा तुकडाही गाडीशी तंतोतंत जुळलेला. मी तिथल्या तिथे बयाणा दिला. दुसऱ्या दिवशी गाडी लिफ्टवर चढवली आणि आरसा घेऊन ब्लॉकच्या मागे बघितलं. सी २४ ९. म्हणजे २४ मार्चला ओतलेला ब्लॉक २६ फेब्रुवारीला जुळला होता आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गाडीत बसला होता. कोणीतरी ट्रिम टॅग समोर ठेवून तारीख ठरवली होती, शिक्का मारला होता आणि लोखंडाची स्वतःची तारीख बघायला विसरला होता. बयाणा परत मिळायला दोन महिने लागले. विकणाऱ्याला हे ठाऊक होतं, का तोही आधी असाच फसला होता, यातलं खरं काय ते मला आजही सांगता येणार नाही.

अशा पुन्हा मारलेल्या शिक्क्यांना इथे रिस्टँप म्हणतात. ते ओळखायला पॅडचा पृष्ठभाग बघा. कारखान्यात ब्लॉकची वरची बाजू ब्रोचिंगने कापत, त्यामुळे पॅडवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेषा राहतात. पॉलिश पेपरने घासलेला चकचकीत पॅड, गोल फिरणाऱ्या खुणा, किंवा रेषा शिक्क्याच्या खोबणीतही उतरलेल्या दिसणं (म्हणजे शिक्का आधी, रेषा नंतर) ही वाईट लक्षणं. आकड्यांचं वळण आणि खोली त्याच महिन्यातल्या दुसऱ्या अस्सल शिक्क्यांच्या फोटोंशी ताडून बघा. आता इथे न्यायाने वागायला हवं. इंजिनचं काम काढताना ब्लॉकचं फेसिंग करतात आणि त्यात मूळ रेषा प्रामाणिकपणेही जातात. रेषा नाहीत म्हणजे लबाडी झालीच, असं नाही. पण मग ते इंजिन मूळचं आहे हे सिद्ध करणंही शक्य नाही, आणि किंमत सिद्ध होणाऱ्या गोष्टीचीच द्यायची.

पॅडवर सीई ही अक्षरं दिसली, तर तो वॉरंटीत बदलून दिलेला ब्लॉक. झेड/२८ तरुण पोरांनी सहा-सात हजार आरपीएमला पिळल्या, बरीच इंजिनं फुटली, त्यामुळे असे ब्लॉक भेटतात. त्यात फसवणूक काही नाही, फक्त भाव वेगळा.

गिअरबॉक्सवरही चासी नंबराचा तुकडा असतो, एक्सलच्या नळीवर कोड आणि तारीख, होली कार्ब्युरेटरवर, डिस्ट्रिब्युटरच्या पट्टीवर, काचांच्या कोपऱ्यात तारखा. सगळ्या टिपून एका कागदावर क्रमाने मांडा. बॉडीच्या तारखेनंतरचा भाग म्हणजे बदललेला भाग.

पायरी ५: पत्रा

जाडी मोजायचं यंत्र शंभर-दीडशे डॉलरला मिळतं. ते घ्या आणि प्रत्येक पत्र्यावर दहा-बारा ठिकाणी लावा. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा. नव्याने रंगवलेल्या गाडीत तो दुप्पट भरला तरी चालेल. एखाद्या जागी आकडा एकदम हजाराच्या वर उडाला, तर खाली पुट्टी आहे. मागच्या चाकांवरचे पत्रे, डिकीचा तळ, पायाखालचा पत्रा, मागच्या काचेची खालची कड आणि विंडशील्डखालचा भाग ही गंजाची ठरलेली ठिकाणं. छताला व्हिनाईल असेल तर त्याच्या कडा दाबून बघा. दारांमधली फट जर्मन गाडीसारखी काटेकोर असेल, तर ते १९६९ चं काम नाही. दिसायला ते छानच, पण जुन्या गाड्यांच्या स्पर्धेतले परीक्षक त्याचे गुण कापतात. मूळ रंग अ‍ॅक्रिलिक लॅकर होता, त्याची झळाळी आजच्या क्लिअरकोटपेक्षा मवाळ असायची.

रिस्टोरेशनचे फोटो मागा. उघड्या पत्र्याचे, गंज कापतानाचे, नवे तुकडे वेल्ड करतानाचे. चांगल्या गॅरेजवाल्याकडे ते शेकड्याने असतात.

पायरी ६: कागद

पॉन्टिअ‍ॅकच्या गाड्यांचे कारखान्यातले कागद पीएचएस नावाची संस्था देते. १९६९ ची जीटीओ जज खरी की नुसते स्टिकर लावलेली, हे तिथून कळतं, कारण जज हाही पर्यायच होता. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी मार्टी रिपोर्ट आहे. चासी नंबर द्या, गाडी कशी बनली ते छापून येतं. जीटीओ किंवा मस्टँग घेणाऱ्याने हे केलं नाही, तर त्याला दोष दुसऱ्याला देता येणार नाही.

अमेरिकेत बनून अमेरिकेतच विकलेल्या कॅमेरो-शेवेलसाठी असं काही नाही. तिथे गाडीसोबत टिकलेले कागदच साक्षीदार: बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं याची कारखान्यातली यादी; ही कधी पेट्रोलच्या टाकीवर, कधी सीटच्या स्प्रिंगांत सापडते), काचेवरचा स्टिकर, डीलरचं बिल, आणि प्रोटेक्ट-ओ-प्लेट. हा वॉरंटीचा धातूचा तुकडा. त्यावर चासी नंबर आणि इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल यांचे कोड उठवलेले असतात. याचीही नक्कल होते, म्हणून कागदावरचे कोड लोखंडावरच्या कोडांशी जुळवा. जुनी सर्व्हिसची बिलं, पहिल्या मालकाचे फोटो यांची नक्कल कोणी सहसा करत नाही. मला त्यांचं वजन जास्त वाटतं. शक्य असेल तर पहिल्या मालकाच्या घरच्यांना फोन करा, लोक आठवणीने बोलतात.

पायरी ७: किंमत

आधी स्थिती ठरवा. हॅगर्टी या जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्या कंपनीच्या मूल्यमापनात चार पायऱ्या आहेत: १ म्हणजे स्पर्धेत पहिल्या येणाऱ्या तोडीची, २ उत्कृष्ट, ३ चांगली, ४ चालती पण उणिवा उघड दिसणारी. रिस्टोअर केलेल्या बहुतेक गाड्यांना मालक १ म्हणतात, आणि जवळून बघितलं की त्या ३ वर येतात.

मग झालेल्या विक्रीचे आकडे जमवा. मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. बॅरेट-जॅक्सन, मेकम, ब्रिंग अ ट्रेलर या लिलाववाल्यांचे निकाल उघड असतात. गेल्या वर्ष-दीड वर्षातल्या, त्याच वर्षाच्या, त्याच इंजिनच्या आणि तितक्याच कागदांच्या पाच-सहा गाड्या घ्या. एका विक्रमी आकड्यावर भरवसा ठेवू नका. लिलावात हातोड्याचा भाव आणि एकूण भाव वेगळे असतात, ग्राहकाला वर कमिशन द्यावं लागतं. स्टीव्ह मॅक्वीनने पडद्यावर चालवलेली १९६८ ची मस्टँग जानेवारी २०२० मध्ये मेकमच्या किसिमीच्या लिलावात ३४ लाख डॉलरला सुटली, आणि कमिशन धरून ३७ लाख ४० हजारांना पडली. ती गाडी रिस्टोअर केलेली नव्हती, रंग उडालेला, गंज दिसत असलेला. मूळ अवस्थेत टिकलेल्या गाडीला बाजार किती मानतो, ते त्यावरून कळावं.

आता वजाबाकी. मूळ इंजिन नाही, ही सगळ्यात मोठी. मूळ रंग बदलला, ही त्याखालोखाल. मागचे पत्रे बदलले, पण नीट बदलले, तर कमी. कागद नसणं हे कॅमेरोत महाग पडतं आणि मस्टँगमध्ये स्वस्त, कारण मस्टँगचे कागद परत मिळतात. बेरजेला पहिल्या मालकापासूनची साखळी, मूळ चारी पत्रे आणि कारखान्यातूनच आलेला एखादा दुर्मिळ पर्याय. १९६९ मध्ये चारही चाकांना डिस्क ब्रेकचा जेएल८ हा पर्याय जेमतेम दोनशेच्या आसपास गाड्यांना लागला. तो कागदाने सिद्ध होत असेल तर पैसे द्या. नुसते ब्रेक बसवलेले असतील तर सुट्या भागांची किंमत द्या.

रिस्टोरेशनवर किती खर्च झाला, हे मालक सांगेल. ऐकून घ्या, पण त्यावरून बोली लावू नका. हजार तास मजुरी, तासाला शंभर डॉलर धरले तरी एक लाख होतात, आणि तेवढ्याने गाडीची किंमत एक लाखाने वाढत नाही.

पायरी ८: सौदा

त्या मॉडेलचा जाणकार तपासनीस पैसे देऊन न्या. बयाणा दिलाच, तर "इंजिन, चासी आणि कागद तपासून पटले तरच" ही अट लेखी घ्या. टायटलवरचा (मालकीच्या सरकारी कागदावरचा) नंबर आणि पट्टीवरचा नंबर एक-एक आकडा बोटाने मोजून जुळवा. विमा ठरवलेल्या रकमेचा घ्या, नाहीतर अपघातानंतर कंपनी घसारा लावते.

त्या हिरव्या गाडीनंतर तीन वर्षांनी मी झेड/२८ घेतली. टॅगवर एक्स७७, मागचे मूळ पत्रे, पहिल्या मालकाच्या मुलीने दिलेली बिलांची फाईल. इंजिनच्या पॅडवर सीई आहे, आणि त्याच फाईलमध्ये १९७० साली वॉरंटीत ब्लॉक बदलल्याचं डीलरचं कार्बन कॉपीचं बिलही आहे. भाव त्याप्रमाणेच ठरला. पुढे कधी विकली, तर जाहिरातीच्या पहिल्या ओळीत ते बिल येईल.